जोर लाव, पण दम खाऊन: बाळंतपणाच्या शेवटच्या टप्प्यात बाळाचं काय होतं आणि आपण काय करायचं

मे महिन्यातली दुपार, बाहेर ४४ डिग्री, लेबर रूममधला कूलर नुसती गरम हवा फेकतोय. टेबलवर तापीकाठच्या गावातली एक पहिलटकरीण. तोंड घट्ट मिटलेलं, गाल फुगलेले, चेहरा वांग्यासारखा जांभळा (आपल्या भरताच्या हिरव्या वांग्यासारखा नाही, दुसऱ्या). डोक्याशी उभी असलेली तिची मोठी जाऊ ओरडतेय, जोर लाव, अजून लाव, श्वास सोडू नको. इकडे डॉपलरवर (ठोके ऐकायचं यंत्र) बाळाचे ठोके १४० वरून १२०, मग १०५, मग ९५. कळ संपली तरी पोरगी जोर लावतच होती, कारण तिला थांब असं कुणी म्हटलंच नव्हतं. आमच्या आयामावशी साठीला टेकलेल्या, त्यांनी तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "दम खाय वं माय. आते व्हई जाई." तिने श्वास सोडला, आम्ही तिला कुशीवर वळवलं आणि थोड्याच वेळात ठोके परत १३५ वर आले.

मी स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं लेबर रूम बघतेय, धुळे-जळगाव पट्ट्यात. या एवढ्या वर्षांत बाळासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठली दिसली असं विचाराल तर मी जोर नाही म्हणणार, दोन कळांच्या मधली उसंत म्हणेन. ती उसंत बाळाची असते. तेवढं समजलं की पुढचं सगळं आपोआप कळत जातं, म्हणून आधी तेच सांगते.

आधी समजून घ्या, कळ आली की बाळाला काय होतं

गर्भपिशवी म्हणजे एक जाड स्नायूच आहे. कळ येते तेव्हा तो आवळतो आणि त्याच्यातून वारेकडे जाणारा रक्ताचा पुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो, म्हणजे बाळाला ऑक्सिजन कमी. कळ ओसरली की रक्त परत वाहायला लागतं, बाळ परत भरून घेतं. शेवटच्या टप्प्यात कळ साधारण मिनिटभराची आणि दर २-३ मिनिटांनी येते, म्हणजे बाळाला मधे भरून घ्यायला एक-दोन मिनिटंच मिळतात. धडधाकट, दिवस भरलेलं बाळ हे आरामात सहन करतं, त्याची तयारीच तशी असते. उलट हा ताण थोडा चांगलाच, कळांमुळे बाळाच्या अंगात जी हार्मोन्स वाढतात त्यांनी फुफ्फुसातलं पाणी शोषलं जायला मदत होते, म्हणूनच कळा न येताच ठरवून सीझर केलेल्या बाळांना पहिल्या काही तासांत धाप लागायचं प्रमाण जास्त दिसतं.

गडबड होते ती उसंत कमी पडली की. कळा एकावर एक येत राहिल्या, किंवा आई उताणी पडून तासन्‌तास दम कोंडतेय, किंवा बाळ आधीच अशक्त आहे, वाढ कमी आहे, नाळ दाबली जातेय, तर बाळाच्या रक्तात आम्ल साठत जातं, ठोके पडायला लागतात आणि जन्मल्यावर ते लुळं, न रडणारं निघू शकतं.

पहिली पायरी: जोर कधी लावायचा नाही

पिशवीचं तोंड पूर्ण म्हणजे १० सेंटिमीटर उघडल्याशिवाय जोर लावायचा नाही. आमच्या भाषेत 'फुल' झालं की. बऱ्याच घरांत पोटात दुखायला लागल्या लागल्या म्हाताऱ्या बायका जोर लाव सांगतात आणि बाई ७-८ सेंटिमीटरला दवाखान्यात येते तेव्हाच अर्धी मेलेली असते. तोंड पूर्ण उघडलेलं नसताना जोर लावला तर त्याचा काठ सुजू शकतो, आणि खरी गरज पडते तेव्हा अंगात त्राणच उरत नाही.

पण जोर यायला लागला आणि सिस्टर थांब म्हणतेय, तर करायचं काय? दम कोंडायचा नाही, तोंडाने फुंकर मारायची, जशी चुलीत मारतो तशी पण छोटी छोटी, फू फू फू. डाव्या कुशीवर वळायचं. आणि लघवी करून घ्यायची, हे कुणी लक्षातच ठेवत नाही, भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या डोक्याच्या वाटेत अडते.

फुल झालं म्हणून त्याच मिनिटाला जोर आलाच पाहिजे असंही नाही. कधी कधी १०-२० मिनिटं कळा मंदावतात, बाई डुलकीसुद्धा काढते. बाळाचे ठोके चांगले असतील तर काढू द्या डुलकी, डोकं आपोआप खाली सरकत असतं.

एपिड्युरल म्हणजे कमरेतून वेदना कमी करायचं इंजेक्शन घेतलेल्यांची गोष्ट जरा वेगळी, त्यांना जोराची भावना कमी येते म्हणून कुठे कुठे तासभर थांबवतात. २०१८ साली अमेरिकेत सहा दवाखान्यांत २४०० हून जास्त पहिलटकरणींवर याचा अभ्यास झाला, लगेच जोर लावलेल्या आणि तासभर थांबलेल्या. नॉर्मल होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं, पण थांबलेल्या गटात रक्तस्राव, पिशवीतलं इन्फेक्शन आणि बाळाच्या रक्तात आम्ल वाढणं हे थोडं जास्त दिसलं. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी एपिड्युरल फारसं मिळत नाही, त्यामुळे यावर जास्त वेळ घालवत नाही.

दुसरी पायरी: जोर कसा लावायचा

कळ सुरू झाली की आधी एक नेहमीसारखा श्वास घ्या आणि सोडा. मग अंगातून जेव्हा आपोआप खाली ढकलावंसं वाटतं तेव्हाच ढकला, संडासला बसल्यावर लावतो तसा खालच्या बाजूला, गळ्यात आणि तोंडात नाही. एका वेळी ५-६ सेकंद, मग श्वास सोडा, परत घ्या, परत ढकला. एका कळेत असं तीन-चार वेळा होतं. आवाज निघाला तर निघू द्या, कण्हत कण्हत लावलेला जोर चांगला असतो. आणि कळ ओसरली की थांबा. एकदम थांबा. हातपाय सैल, जबडा सैल, खोल श्वास, पाण्याचा घोट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचना हेच सांगतात, बाईला स्वतःच्या जोराच्या भावनेप्रमाणे ढकलू द्या. दहापर्यंत आकडे मोजून दम कोंडायला लावायची पद्धत जुनी आहे आणि अजून चालते. आता खरं ते सांगते, दोन्ही पद्धतींची तुलना करणारे अभ्यास झालेत आणि बाळाच्या तब्येतीत फार ठळक फरक सापडलेला नाही, म्हणून ज्यांनी मागच्या वेळी दम कोंडून जोर लावला त्यांनी आता रात्र रात्र जागून आपण बाळाचं नुकसान केलं का असा विचार करत बसू नका. पण ज्या बाळाचे ठोके आधीच पडतायत त्याच्या आईला लांब दम कोंडायला लावणं मला स्वतःला अजिबात पटत नाही. अशा वेळी आम्ही एक कळ सोडून एका कळेला जोर लावायला सांगतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच बाळ सावरतं.

उताणं झोपू नका हे तर शंभरदा सांगून झालंय. उताणं झोपलं की भरलेली गर्भपिशवी मागच्या मोठ्या शिरेवर दाब देते, आईच्या हृदयाकडे रक्त कमी परततं आणि पुढे बाळाकडेही कमी जातं. कुशीवर, पाठीला उशी लावून अर्धवट बसून, गुडघ्यावर ओणवं, उकिडवं, काहीही चालतं. आपल्या आज्या उकिडव्या बसून खांब नाहीतर दोरी धरून बाळंत व्हायच्या, त्यात शहाणपण होतंच, बाळाच्या वजनाचीही मदत मिळायची. टेबलवर उताणं हे जास्त करून आमच्यासारख्यांच्या सोयीचं आहे, हे मान्य करायला मला लाज नाही.

उन्हाळ्यात बाळंतपण असेल तर पाणी, साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी, नारळपाणी, अर्धं केळं (रावेर-यावलच्या पट्ट्यात केळ्याला काय तोटा) असं थोडं थोडं आधीपासून पोटात जाऊ द्या, डॉक्टरांनी काही कारणाने उपाशी ठेवायला सांगितलं नसेल तर. सुकलेल्या आईला जोर येत नाही.

तिसरी पायरी: जवळ थांबणाऱ्या बाईने काय करायचं

सरकारी दवाखान्यातसुद्धा बाळंतिणीसोबत एक बाई आत थांबू शकते, तशी सूचना आहे, विचारा. पण कोण थांबणार ते आधी ठरवा. जी स्वतः घाबरट आहे किंवा जिला ओरडायची सवय आहे ती बाहेरच बरी, मग ती सासू असो की आई. आत असलेल्या बाईचं काम एकच, कळ संपली की आठवण करून देणं, "सोड आता, दम खा." पाठ चोळा, पाणी द्या, घाम पुसा. बाहेरच्यांचे फोन घेऊ नका, झालं का झालं का विचारणारे वीस जण असतात.

आणि दोन गोष्टी कुणी करायला लागलं तर विचारायची हिंमत ठेवा.

एक, पोट दाबणं. बाळ लवकर यावं म्हणून वरून कोपराने, तळव्याने जोरात पोट रेटणं. हे करू नये असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते, याने आईच्या पिशवीला आणि बाळालाही इजा होऊ शकते. हात जोडून म्हणा, "सिस्टर, पोट नका ना दाबू, काही दुसरं करता येईल का?" आम्हाला राग आला तर येऊ द्या.

दोन, कळा वाढवायचं इंजेक्शन. ऑक्सिटोसिन हे औषध वाईट नाही, बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबवायला ते जीव वाचवतं. कळा कमी पडत असतील तर दवाखान्यात सलाईनमधून, थेंब मोजून, ठोके बघत देतात. पण बाळ व्हायच्या आधी घरी किंवा गावातल्या कुणाकडून कमरेत नाहीतर दंडात घेतलेलं ऑक्सिटोसिन म्हणजे उसंतीची चोरी. १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा यायला लागल्या की बाळाला भरून घ्यायला वेळच उरत नाही. मी बघितलंय असं एक बाळंतपण. गावातच 'जोराचं इंजेक्शन' घेऊन रिक्षातून आलेली, पोट हाताला दगडासारखं लागत होतं, सैल पडतच नव्हतं. बाळ जिवंत जन्मलं पण रडलं नाही, दहा दिवस पेटीत होतं आणि त्या आईला तोवर कुणी सांगितलंही नव्हतं की इंजेक्शनने असं होऊ शकतं. तिसऱ्याच खेपेची होती ती, तशीच बाळंत झाली असती.

चौथी पायरी: ठोक्यांवर लक्ष

बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० नॉर्मल. जोराच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी ऐकायचे असतात, आणि ते कळ चालू असताना ऐकून भागत नाही, कळ संपल्यावरही ऐकायचे. कळेत डोकं दाबलं जाऊन ठोके थोडे कमी होणं आणि कळेसोबतच परत चढणं हे नेहमीचं आहे. पण कळ ओसरली तरी ठोके खालीच राहतायत, उशिरा चढतायत, तर बाळाला उसंत पुरत नाहीये असं समजायचं. पहिल्या प्रसंगातल्या त्या पोरीचं तेच चाललेलं.

पाणी हिरवं, घट्ट आलं तर बाळाने पोटातच शी केली असते. म्हणजे लगेच सीझरच असं नाही, पण लक्ष दुप्पट लागतं आणि बाळाला बघणारा माणूस तयार पाहिजे.

वेळेचं म्हणाल तर फुल झाल्यापासून पहिलटकरणीला साधारण ३ तासांपर्यंत आणि आधी बाळंतपण झालेल्यांना २ तासांपर्यंत बाळ होतं. तोपर्यंत आई-बाळ ठीक असतील आणि डोकं खाली सरकत असेल तर घाई करायचं कारण नाही. पण ठोके बिघडले तर घड्याळ बघत बसायचं नसतं, व्हॅक्यूम, चिमटा किंवा सीझर जे लागेल ते. डॉक्टर म्हणाले व्हॅक्यूम लावावं लागेल, तर "नॉर्मलच करा हो" म्हणून बाहेर हुज्जत घालू नका. ती दहा मिनिटं बाळाच्या मेंदूची असतात.

पाचवी पायरी: डोकं दिसायला लागलं की

इथे सगळे उलटं करतात, डोकं दिसलं की चौघं मिळून ओरडतात लाव लाव लाव. याच वेळी जोर थांबवायचा असतो. फुंकर मारत, हळूहळू डोकं बाहेर येऊ द्यायचं, म्हणजे खालचं अंग कमी फाटतं आणि डोक्यावरचा दाब एकदम सुटत नाही. वाट मोठी करायला खाली देतात तो चिरा दरवेळी घ्यायलाच पाहिजे असं नाही, गरज असेल तेव्हाच.

डोकं आल्यावर पुढच्या कळेला खांदे येतात. कधी, जास्त करून मोठ्या बाळाचे, मधुमेह असलेल्या आयांच्या बाळांचे, खांदे अडकतात. तेव्हा सिस्टर अचानक म्हणेल जोर थांबव, आणि दोघी जणी पाय धरून गुडघे पोटाकडे दाबतील. घाबरू नका, त्याने अडकलेला खांदा सुटायला जागा होते. डोकं धरून ओढायचं मात्र नसतं, मानेच्या नसा ताणल्या की हात लुळा पडू शकतो.

सहावी पायरी: पहिलं मिनिट आणि पहिला तास

बाळ बाहेर आलं की कोरड्या गरम कापडाने पुसा, ओलं कापड टाकून द्या, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, दोघांवर मिळून दुसरं कापड आणि बाळाला टोपी. पुसण्यानेच बरीच बाळं रडतात. रडत असलेल्या बाळाला उलटं लटकवायचं नाही, पाठीत थापट्या नाही, तोंडात नळी घालून उगाच ओढायचं नाही. रडत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत मास्क आणि पिशवीने श्वास सुरू करावे लागतात, म्हणूनच मी म्हणते बाळंतपण जिथे हे येणारा माणूस आहे तिथेच करा.

बाळ चांगलं असेल तर नाळ लगेच कापू नका, १ ते ३ मिनिटं थांबा. तेवढ्यात वारेतून साधारण ८०-१०० मिली रक्त बाळाकडे येतं, पुढचे काही महिने त्याच्या अंगात लोह टिकतं. आपल्याकडे आईचंच हिमोग्लोबिन कमी असतं तेव्हा हे रक्त सोडून कसं चालेल.

१ आणि ५ मिनिटांनी बाळाच्या तब्येतीचा अपगार स्कोर देतात, रंग, ठोके, डिवचल्यावरची प्रतिक्रिया, स्नायूंचा ताठपणा, श्वास असे पाच मुद्दे, १० पैकी. डॉ. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी तो १९५३ साली मांडला. ७ किंवा जास्त म्हणजे ठीक. पहिल्या मिनिटाला ५ आणि पाचव्याला ८ असेल तर बाळ सावरलं असं समजा, पहिल्या आकड्यावर रडू नका. पाच मिनिटांचा आकडा फाईलवर लिहिलाय ना ते बघून घ्या.

पहिल्या तासात दूध पाजा. मध नाही, गूळपाणी नाही. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं का विचारा, आणि आंघोळ २४ तास नाही, घरच्यांनी कितीही नाक मुरडलं तरी.

धडगाव, अक्कलकुवा, चोपड्याच्या वरच्या पाड्यांवर राहणाऱ्यांसाठी

रस्ता लांब असेल तर कळा सुरू झाल्यावर निघायचं असं ठरवू नका. दुर्गम भागातल्या काही आरोग्य केंद्रांत माहेरघर असतं, तारखेच्या आधी काही दिवस तिथे राहता येतं, आशाताईंना विचारा. गाडीसाठी १०२, अडचण झाली तर १०८, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत.

आणि गाडीतच बाळ यायला लागलं तर? गाडी बाजूला घ्या, आईला कुशीवर घ्या, जोर लाव म्हणू नका, फुंकर मारायला सांगा. ओढू नका, नुसतं झेला. पुसा, छातीवर ठेवा, झाका. नाळ कापू नका, ब्लेडने तर मुळीच नाही, वार यायची वाट न बघता तसंच दवाखान्यात या. न कापलेल्या नाळेने नुकसान होत नाही, घाणेरड्या ब्लेडने होतं.

सातवी पायरी: घरी गेल्यावर काय बघायचं

बाळ दूध ओढत नाही, सारखं झोपूनच आहे, अंग ढिलं पडतं किंवा एका हाताची हालचाल नाही, पायाने सायकल चालवल्यासारखे किंवा डोळे एकटक लावून झटके, पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा, धाप, कण्हणं, यातलं काहीही दिसलं तर उद्या सकाळी नाही, आत्ता निघायचं. जिल्ह्याच्या दवाखान्यात नवजात बाळांचा खास कक्ष असतो. नेताना बाळ आईच्या छातीला लावूनच न्या.

डोक्याच्या आकाराबद्दल सगळ्यात जास्त फोन येतात. लांबट डोकं म्हणजे हाडं एकमेकांवर सरकून वाटेतून आलीत, काही दिवसांत गोल होतं. मऊ पसरट सूज एक-दोन दिवसांत उतरते. पण दुसऱ्या दिवशी एकाच बाजूला गाठ वर यायला लागली तर ते हाडावर साठलेलं रक्त, व्हॅक्यूम लागलेल्या बाळांत जास्त दिसतं, त्याला आठवडे लागतात आणि ते रक्त विरघळताना कावीळ वाढू शकते म्हणून तपासून घ्या. सूज भराभर वाढत मानेकडे, कानाकडे पसरली किंवा बाळ पांढरं पडलं तर मात्र ते वेगळं आणि घाईचं प्रकरण.

त्या मे महिन्यातल्या पोरीच्या बाळाला उजवीकडे अशीच लिंबाएवढी गाठ होती, आणि तिच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत जोर लावून लावून लाल डाग पडलेले, ते दोन आठवड्यांत गेले. गाठीवर सासू गरम तेल चोळायला निघाली होती आणि गावातलाच एक जण सुईने पाणी काढून देतो म्हणत होता. गाठ चोळायची नाही, दाबायची नाही, शेकायची नाही, सुई तर कुणालाच लावू द्यायची नाही, त्यातून इन्फेक्शन थेट आत जातं. टोपी घाला आणि रोज उजेडात बाळाचे डोळे नि तळपाय पिवळे दिसतायत का तेवढं बघत राहा.